भत्ता थांबवून माहेरी यावं का?

आगोटीचे दिवस आले की या पानावर मसाले, पापड, डाळींना ऊन दाखवणं हेच विषय असतात. या खेपेला ते पुढच्या आठवड्यावर टाकते आहे, कारण गिरगावच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे आणि त्यांना उत्तराची घाई आहे. प्रश्न त्यांचा असला तरी आज ना उद्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात येणारा आहे. लेक-जावई किंवा मुलगा-सून परदेशी, असं एखादं तरी घर आता दादर-गिरगावच्या प्रत्येक इमारतीत असतंच.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. या बाईंची मुलगी दोन मुलांसह जर्मनीत असते. जावयांची नोकरी फेब्रुवारीअखेर गेली. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तेही गेले. तिकडे त्यांना बेकारी भत्ता मिळतो, एकंदर बारा महिने मिळणार आहे. लेक सध्या घरीच आहे. ती फोनवर म्हणाली, “आई, एरवी आम्हाला दोन आठवड्यांच्या वर कधी सुट्टी मिळत नाही. आता मिळाली आहे तर उन्हाळ्यात दोन-अडीच महिने येऊन राहतो. तेवढे दिवस भत्ता थांबवता येतो म्हणे.” गेल्या वर्षी बाईंच्या यजमानांचं बायपासचं ऑपरेशन झालं. नातवंडं जवळ असावीत असं त्यांना फार वाटतं, पण तोंडानं बोलत नाहीत. बाई विचारतात, “असा भत्ता थांबवता येतो का हो? थांबवला की बुडतो का? नोकरी गेलेली असताना भटकायला आले, असं लोक म्हणतील त्याचं काय? मी ‘या’ म्हणू की ‘आधी नोकरी बघा’ म्हणू?”

पत्र दोनदा वाचलं. मग जर्मनीत असणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं, तिथले नियम तिच्याकडून समजून घेतले, पडताळून पाहिले. ते सांगतेच. पण त्याआधी एक गोष्ट.

भत्ता कुणाची मेहेरबानी नाही

बेकारी भत्ता म्हटलं की आपल्याकडे अजून खाली मान घालतात. जणू कुणी वाडगा पुढे केला आहे! जर्मनीत नोकरदाराच्या पगारातून दरमहा बेकारी विम्याचा हप्ता कापला जातो आणि तेवढाच मालकही भरतो. नोकरी जाण्याआधीच्या अडीच वर्षांत निदान बारा महिने हप्ता भरलेला असेल, तरच हा भत्ता मिळतो. म्हणजे आपण विम्याचे हप्ते भरतो आणि प्रसंग आला की पैसे घेतो, तसंच हे. त्यात लाजायचं काय?

मात्र त्या विम्याची एक अट आहे. ज्या दिवसाचा भत्ता घ्यायचा, त्या दिवशी माणूस कामाला तयार असला पाहिजे. उद्या कचेरीनं बोलावलं तर हजर झाला पाहिजे, कुठे मुलाखत ठरली तर गेला पाहिजे. मुंबईत आईच्या हातची आंबोळी खात बसलेला माणूस उद्या सकाळी म्युनिकमध्ये मुलाखतीला कसा जाणार? म्हणून गावाबाहेर जाण्यावर बंधन असतं. कामाला हजर तर भत्ता, असा हा साधा हिशोब आहे.

गिरणगावला हे नवं नाही

लालबाग-परळच्या जुन्या बायकांना विचारलं तर त्या हसून म्हणतील, “यात काय नवल? आमच्याकडे हेच होतं.” आणि खरंच होतं.

गिरणीत कापूस नसला, वीज नसली की ‘ले-ऑफ’ देत. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला ले-ऑफच्या दिवसांत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्मी भरपाई मिळू लागली. पण त्याच कायद्यात अट होती, की दिवसातून एकदा तरी ठरल्या वेळी कामावर येऊन हजेरी द्यायची. हजेरी चुकली की त्या दिवसाचे पैसे गेले. त्यामुळे काम नसूनही माणूस मुंबईतच अडकायचा. घरी बसून गावच्या आठवणी काढायच्या आणि सकाळी गेटवर जाऊन यायचं.

बदली कामगाराची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला ही भरपाईसुद्धा नाही. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं. आता गंमत बघा. एप्रिल-मे महिन्यांत कायम कामगार बायकामुलांना घेऊन कोकणात, घाटावर जात. म्हणून बदलीवाल्याला काम मिळायचे ते नेमके हेच दिवस. सगळी चाळ गावी गेली तरी बदलीवाला खानावळीत जेवून पाळीवर जायचा. बायको-मुलं गावी आणि नवरा मुंबईत, अशा कितीतरी संसारांचे उन्हाळे गेले.

हे गावी जाणं मालकांना खटकायचं. पण १९२९ साली हिंदुस्थानातल्या कामगारांची स्थिती पाहायला नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात उलटंच मत दिलं. कामगाराचं गावाशी नातं ही त्याची जमेची बाजू आहे, ते तोडू नये, त्याला शिस्त लावावी, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. शंभर वर्षं होत आली या गोष्टीला, पण आजच्या आपल्या प्रश्नालाही ती लागू पडते. आपल्या माणसांकडे जाण्यात वाईट काही नाही. ते नियमात बसवून जावं, एवढंच.

नियमात बसवणं का महत्त्वाचं, हे आमच्या सासूबाईंनी फार जवळून पाहिलं. १९८१ साली लग्न होऊन त्या लालबागच्या चाळीत आल्या आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार बंद, आणि भत्ता म्हणून कुठून एक पैसा नाही. हजारो कामगार गावी परतले. मामंजीही संगमेश्वराकडे आपल्या गावी गेले. सासूबाई मात्र दहा बाय दहाची खोली सांभाळत इथंच राहिल्या. खोलीला कुलूप लागलं आणि ती हातची गेली तर काय, ही भीती! शेजारच्या खानावळीच्या पोळ्या लाटून त्यांनी दिवस काढले. खानावळवाल्या बायकांचेही ते हालाचेच दिवस होते, कारण जेवणारे गडीच गावी गेले होते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. असल्या मंडळाची गरज का होती, ते त्या वर्षी सगळ्यांना कळून चुकलं.

सासूबाई अजून सांगतात, “तुझ्या मामंजींनी दोन पावसाळे भात लावला, घर शाकारलं, आईची शेवटची सेवा केली. पगार गेला तो गेला, पण त्या माउलीला मुलगा मिळाला.” आणि मग आवाज खाली जातो. “परत आले तेव्हा गेटवर नाव नव्हतं.” हजारोंचं तसंच झालं. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि किती तरी जणांना पुन्हा गिरणीत पाऊल ठेवता आलं नाही.

म्हणून मी म्हणते, जायचं तर जरूर जावं. पण परतल्यावर आपलं नाव कुठं आणि कसं राहील, ते निघण्यापूर्वी कागदावर घेऊन जावं. १९८२ साली ते विचारायची सोय नव्हती. आज आहे.

जर्मनीचा नियम असा आहे

आता मूळ प्रश्नाकडे येते. तिकडच्या रोजगार कचेरीला ‘आगेंटुर फ्यूर आर्बाइट’ म्हणतात. भत्ता घेणाऱ्यानं गावाबाहेर जाण्याआधी या कचेरीला कळवून परवानगी घ्यायची असते. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ती सहसा देत नाहीत, कारण त्याच काळात काम मिळण्याचा संभव जास्त. आपल्या भगिनींच्या जावयांचे ते तीन महिने उन्हाळ्यापूर्वी संपतात, तेव्हा ती अडचण नाही.

पुढचा भाग नीट लक्षात घ्या.

वर्षात तीन आठवड्यांपर्यंत बाहेर राहिलं, तर परवानगी असल्यास भत्ता चालू राहतो.

तीन ते सहा आठवडे राहिलं, तर पहिल्या तीन आठवड्यांचा भत्ता मिळतो, नंतरच्या दिवसांचा मिळत नाही.

सहा आठवड्यांहून जास्त राहायचं ठरलं, तर पहिल्या दिवसापासूनच भत्ता बंद.

यावरून ध्यानात येईल की सात आठवडे हा सर्वांत तोट्याचा मुक्काम. एका आठवड्याच्या लोभानं तीन आठवड्यांचा भत्ता हातचा जातो. राहायचं तर सहा आठवड्यांच्या आत, नाहीतर मग चांगलं भरपूर.

“बुडतो का?” या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलासा देणारं आहे. जितके दिवस भत्ता घेतला नाही, तितके दिवस खात्यात शिल्लकच राहतात. परत जाऊन पुन्हा नाव नोंदवलं की उरलेले दिवस सुरू. भत्त्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाला त्या दिवसापासून चार वर्षांच्या आत तो वापरायचा असतो. म्हणजे लेक म्हणते ते खरं आहे, भत्ता थांबवता येतो. दळण ठेवून गेलं आणि गिरणीवाल्यानं डबा बाजूला ठेवला, तसं समजा. डबा आपलाच, पण परत येऊन मागितल्याशिवाय तो कुणी घरी आणून देत नाही. सहा आठवड्यांहून जास्त खंड पडला की जुनी नोंदणी संपते. परतल्याबरोबर नव्यानं नोंदणी केली नाही, तर मधले दिवस कोरडेच जातात.

वही-पेन्सिल घ्या

आता आपल्या आवडीचा हिशोब. समजा, जावयांना हातात तीन हजार युरो पगार पडत होता. मूल असलेल्या माणसाला हातात येणाऱ्या पगाराच्या सुमारे ६७ टक्के भत्ता मिळतो, मूल नसेल तर ६० टक्के. म्हणजे महिना २०१० युरो, आणि तिकडे महिना तीस दिवसांचा धरतात, म्हणून दिवसाला ६७ युरो. बारा महिन्यांचे ३६० दिवस. मार्च ते जुलै असे १५० दिवस वापरले, उरले २१०.

सहा आठवडे आले तर २१ दिवसांचे १४०७ युरो मिळतील, उरलेल्या २१ दिवसांचे नाहीत. परतल्यावर खात्यात १८९ दिवस शिल्लक.

दहा आठवडे आले तर ७० दिवस एक पैसाही नाही, म्हणजे ४६९० युरो त्या वेळेपुरते हातात येणार नाहीत. पण परतल्यावर २१० दिवस जसेच्या तसे.

कागदावर तोटा दिसत नाही, पण घरभाडं काही थांबत नाही. वीज, टेलिफोन, मुलांचे हप्ते चालूच. तेव्हा दहा आठवड्यांचं भाडं आणि बिलं भागतील एवढी शिल्लक बँकेत आहे का, हा पहिला प्रश्न. आणि एक सांगते, हा हिशोब रुपयांत करू नका. आपल्याकडे दोन महिने कमी पैशांत निघतात हे खरं, पण खर्च तिकडच्या घराचाही सुरू असतो.

दुसरी गोष्ट आरोग्य विम्याची, आणि ही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भत्ता चालू असेतो विम्याचा हप्ता ती रोजगार कचेरी भरते. भत्ता थांबला की ते भरणंही थांबतं. मग स्वतःच्या खिशातून भरावं लागतं आणि महिन्याला दोनशे युरोंच्या वर सहज जातं. नवरा-बायकोपैकी दुसरं माणूस नोकरीत असेल आणि सरकारी पद्धतीच्या विम्यात असेल, तर त्याच्या विम्यात घरच्यांचा समावेश होऊ शकतो. आपल्या भगिनींची लेक घरी आहे, म्हणून तिनं विमा कंपनीला आधीच लिहून विचारावं. शिवाय तिकडचा विमा मुंबईच्या इस्पितळात चालत नाही. मुलं बरोबर आहेत, पावसाळ्याचे दिवस, तेव्हा प्रवासाचा वेगळा विमा हवाच.

तिसरी गोष्ट व्हिसाची. नोकरीवर आधारलेला परवाना असेल तर नोकरी गेल्याची बातमी परदेशी नागरिकांच्या कचेरीला द्यावी लागते, आणि दुसरं काम शोधायला ती ठरावीक मुदत देते. ती मुदत आणि भत्त्याचे दिवस यांचा एकमेकांशी संबंध नाही. भत्ता थांबवता येतो, व्हिशाची मुदत थांबत नाही! खात्यात २१० दिवस शिल्लक आणि राहायचा परवानाच संपला, अशी पाळी येऊ नये. कायमचा परवाना असेल तर ही काळजी नाही. नसेल तर तिकीट काढण्याआधी त्या कचेरीचं उत्तर हातात हवं.

चौथी गोष्ट शाळेची. तिकडे शाळेची सक्ती फार कडक. “आजीकडे गेलो होतो” अशी चिठ्ठी चालत नाही, दंड होऊ शकतो. उन्हाळ्याची सुट्टी साधारण सहा आठवड्यांची, ती वेगवेगळ्या राज्यांत जूनअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. नातवंडांपैकी एक जरी शाळेत जात असेल तरी दोन-अडीच महिने सगळ्यांनी मिळून राहणं जमणार नाही. मला विचाराल तर याच कारणानं सहा आठवड्यांचा मुक्काम सर्वांत सोयीचा. शाळा बुडत नाही, निम्मा भत्ता मिळतो, जुनी नोंदणीही टिकते. जाण्यायेण्याचे दिवस त्या सहा आठवड्यांतच मोजायचे, हे मात्र विसरू नका.

“कुणाला कळतंय?”

हे वाक्य कुठल्या तरी शहाण्या नातेवाइकाकडून ऐकू येणारच. “कळवायचं कशाला? अर्ज काय, मोबाइलवरून करता येतात. इथं बसून कर, भत्ता चालू राहील.”

मैत्रिणींनो, याला बिलकूल होकार देऊ नका. कचेरीचं पत्र घरी येऊन पडतं, बोलावणं येतं, आणि हजर नाही म्हटलं की चौकशी लागते. पासपोर्टवर शिक्के असतात, विमान कंपनीकडे नोंद असते. घेतलेले पैसे तर परत करावे लागतातच, वर दंड बसतो. परक्या देशात परवान्यावर राहणाऱ्या माणसाच्या नावावर असा डाग चारशे-पाचशे युरोंसाठी कशाला? आपल्या पोरांना आपण रेशनच्या रांगेत मध्ये घुसू नको म्हणून शिकवलं. इथंही तेच.

अमेरिकेत आणि आपल्याकडे

अमेरिकेत मुलं असलेल्या भगिनींसाठी दोन शब्द. तिथं प्रत्येक राज्याचे नियम निराळे, पण तत्त्व तेच. ज्या आठवड्याचा भत्ता मागायचा त्या आठवड्यात माणूस कामाला तयार आणि मोकळा हवा. परदेशी असताना ते लिहून देता येत नाही, म्हणून ते आठवडे सोडून द्यायचे. बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे भत्ता मिळतो आणि तो नोंदणीपासून एका वर्षात वापरायचा असतो. जर्मनीसारखी चार वर्षांची ऐसपैस मुदत तिथं नाही. एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांना तर नोकरी गेल्यावर फार तर साठ दिवसांची सवलत असते. त्यांनी आंब्याचा विचार नंतर करावा, आधी वकिलाला विचारावं.

आणि आपल्याकडे? १९८२ साली गिरणी कामगाराला जे मिळालं नाही, ते फार उशिरा थोडंफार आलं. १ एप्रिल २००५ पासून कामगार राज्य विमा महामंडळानं राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली, तर विमा असलेल्या कामगाराला ठरावीक काळ भत्ता आणि घरच्यांना औषधपाणी, अशी ती होती. मग १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तीत सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, आणि मार्च २०२० पासून, कोरोनाच्या काळात, ५० टक्के अशी मदत ठरली. जास्तीत जास्त नव्वद दिवस आणि तीही आयुष्यात एकदाच. गैरवर्तनावरून काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती नव्हती. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत नेली आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे जाऊन चार नव्या संहिता आल्या आहेत. म्हणून ज्या घरी पगारातून हा विमा कापला जातो, त्यांनी नोकरी गेली तर स्वस्थ न बसता महामंडळाच्या आपल्या भागातल्या शाखेत जाऊन त्या दिवसाचा नियम विचारावा. पुष्कळ कामगारांना हा आपला हक्क आहे हेच ठाऊक नसतं. गावी जायचं असेल तर अर्ज भरून, पोच घेऊन मगच गाडी पकडावी.

लेकीला पाठवायची यादी

१. निघण्याआधी रोजगार कचेरीला लिहून कळवावं, तोंडी नको. उत्तर आल्यावरच तिकीट काढावं.

२. किती दिवस भत्ता शिल्लक आहे त्याचा कागद मागून घ्यावा.

३. विमा आणि व्हिसा, दोन्ही ठिकाणची उत्तरं हातात घ्यावीत. पत्रांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात.

४. परतीचं तिकीट ठरलेल्या मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीचं असावं. ऐन पावसात विमानं उशिरा सुटतात.

५. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी नोंदणीचं काम, सामान नंतर लावावं.

६. इथं असताना जावयांनी आठवड्यातले दोन दिवस तरी नोकरीच्या अर्जांना ठेवावेत. हात चालू असले की मन उदास होत नाही.

लोक काय म्हणतील?

शेवटचा प्रश्न बाईंनी सर्वांत खाली, बारीक अक्षरात लिहिला आहे, पण त्यांच्या जिवाला तोच जास्त लागलेला दिसतो. लोक बोलतील, हे नक्की. जिन्यात कुणी तरी विचारेल, “जावई या वेळी बरेच दिवस राहिले?” तेव्हा लपवालपवी केली की माणसं आणखी खोदतात. सरळ सांगावं, “कंपनीनं माणसं कमी केली. हप्ते भरले होते, त्याचा भत्ता आहे, रीतसर रजा घेऊन आलेत.” तुमचा चेहरा शांत असला की प्रश्न तिथंच संपतो.

जावयांशी मात्र जपून. नोकरी गेलेला पुरुष घरात बसला की घरातल्या प्रत्येक आवाजाला बिचकतो. त्यांच्यासमोर “अमक्याच्या मुलाला बढती मिळाली” हा विषय काढू नका. पाहुणचारही इतका करू नका की त्यांना ओझं वाटेल. यजमानांना सकाळी फिरायला नेणं, नातवंडांना मराठी बाराखडी गिरवायला बसवणं, बँकेची, डॉक्टरांची कामं, अशी दोन-तीन कामं हक्कानं त्यांच्यावर सोपवा. त्यांच्या आईवडिलांकडेही निम्मे दिवस जाऊ द्या. तेही वाट पाहत असतील, हे आपण मुलीच्या आया फार लवकर विसरतो.

आंबा तेव्हा संपलेला असेल, त्याची हळहळ नको. तिकडच्या उन्हाळ्यात इकडे श्रावण येतो. अळूच्या वड्या, पातोळ्या, नारळीभात, आणि तिथी जुळल्या तर गणपतीसुद्धा. साटं घालायची असतील तर आत्ताच, कडक ऊन आहे तोवर घाला.

तेव्हा ताई, माझं उत्तर असं. “आधी नोकरी बघा” असं लेकीला म्हणू नका, ते ती दोघं बघतच आहेत. “यायचंच” असा हट्टही धरू नका. तिला ही यादी पाठवा आणि म्हणा, “कागदपत्रं नीट करून, सहा आठवड्यांच्या हिशोबानं या. भत्ता परत सुरू करता येतो.” पुढचं वाक्य तुम्हाला लिहून द्यायची गरज नाही. यजमानांकडे एकदा बघा, तुमचं तुम्हालाच सुचेल.